रानातल्या पावाला भुकेनं गोड केलं नाही

दिवसभर ओझं वाहून, जिथे रस्ताही पोचत नाही अशा रानातल्या मुक्कामी मी आजवरचा सर्वांत चांगला पाव खाल्ला. सोबतचे म्हणाले, "भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा. भूक लागली की काहीही गोड लागतं." मला हे पटलं नाही. भुकेचा वाटा आहेच. १९९९ मध्ये सापडलेलं घ्रेलिन हे संप्रेरक (हार्मोन) रिकाम्या जठरातून रक्तात उतरतं आणि अन्नाची ओढ वाढवतं. पण आदल्या रात्री, तितक्याच भुकेल्या पोटी, आम्ही पाकिटातलं सूप कसंबसं संपवलं होतं. म्हणजे खरी करामत पावातच होती.

स्वयंपाक करणाऱ्यानं पीठ आदल्या संध्याकाळीच मळून ठेवलं होतं. रात्रभरात पिठातली अमायलेज विकरं (एन्झाइम) स्टार्च तोडून माल्टोज साखर बनवतात, तर दुसरी विकरं प्रथिनांतून त्यांचे घटक, म्हणजे अमिनो आम्लं, मोकळी करतात. दुसऱ्या दिवशी मुक्कामी पोचल्यावर गोळा जाड बिडाच्या भांड्यात गेला. थोडे निखारे भांड्याखाली, त्याहून जास्त झाकणावर. हे प्रमाण महत्त्वाचं, कारण पावाचा तळ तापल्या लोखंडाला थेट टेकलेला असतो आणि चटकन करपतो. वरच्या बाजूला मात्र झाकणाच्या प्रारणाचीच, म्हणजे न टेकता येणाऱ्या उष्णतेचीच, मुख्य धग मिळते.

आता माझा आवडता भाग. पाण्याचा अंश आहे तोवर पावाचं तापमान १०० अंश सेल्सियसच्या फारसं पुढे जात नाही. गाभा तिथेच अडकतो, म्हणून मऊ आणि पांढरा राहतो. सुरुवातीला झाकणाखाली कोंडलेली वाफ वरचा थर ओला ठेवते, त्यामुळे तो न फाटता ताणला जातो आणि पाव फुगतो. मग झाकण किंचित सरकवलं की वाफ निघून जाते, पृष्ठभाग सुकतो, तापमान १४० अंशांपलीकडे चढतं आणि मायार अभिक्रिया, म्हणजे साखर आणि अमिनो आम्लांतून तपकिरी रंग आणि सुगंध घडवणारी साखळी, जोरात सुरू होते. फ्रेंच रसायनज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. अमेरिकन रसायनज्ञ जॉन हॉज यांनी १९५३ मध्ये तिच्या पायऱ्या मांडल्या. साखरेचा कार्बोनिल गट अमिनो आम्लाच्या अमिनो गटाला जोडला जातो, पाण्याचा रेणू बाहेर पडतो, अणूंची फेरमांडणी होऊन अमाडोरी संयुग हा मधला टप्पा बनतो. ते संयुग तुटून डायकार्बोनिल (दोन कार्बोनिल गटांचे रेणू) तयार होतात, ते उरलेल्या अमिनो आम्लांवर तुटून पडतात (हे स्ट्रेकर विघटन) आणि सुगंधी अल्डिहाइड सुटतात. शेवटी कवचाला रंग देणारं तपकिरी मेलॅनॉइडिन. याच गर्दीत २-असिटिल-१-पायरोलिन हा रेणू असतो. सुवासिक तांदळाचा वासही मुख्यतः त्याचाच, आणि तो इतक्या अल्प प्रमाणात जाणवतो की चिमूटभराचीही गरज नसते.

"लाकडाच्या आगीवरचं अन्न नैसर्गिक, म्हणून निर्धोक" असं छातीठोकपणे सांगितलं जातं. ते चूक आहे. लाकडाला कणखरपणा देणारं लिग्निन जळताना सुटणारं ग्वायाकॉल धुरकट स्वाद देतं हे खरं, पण त्याच धुरात बेंझोपायरीन हे कर्करोगकारक संयुगही असतं. धूर सरलेले निखारे आणि घट्ट झाकण म्हणूनच बरं.

भांड्यातून काढल्यावर पाव बारीक कडकड आवाज करत होता. गाभ्याआधी निवणारं कवच आकसून तडकतं, त्याचा तो आवाज. उरलेला अर्धा पाव आम्ही कापडात गुंडाळून ठेवला. सकाळपर्यंत गाभ्यातला ओलावा कवचात झिरपला होता आणि ते चामड्यासारखं चिवट झालं होतं. निखाऱ्यांवर दोन मिनिटं धरलं, ओलावा उडाला, आणि पुन्हा कुरकुरीत.