प्रोस्टेटमध्ये दडून बसणारे जिवाणू

लघवीला जळजळ सुरू झाली की बहुतेक पुरुष डॉक्टरकडे जायला लाजतात आणि थेट फार्मसी गाठतात. चार-पाच दिवसांच्या गोळ्यांनी बरं वाटतं, गणपतीची चवथ निर्धास्त पार पडते आणि दिवाळीच्या सुमारास दुखणं पुन्हा डोकं वर काढतं. ओटीपोटात ठणका, रात्री वरचेवर उठणं, वीर्यस्खलनाच्या वेळी वेदना. अशा माणसाच्या युरीन कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जिवाणू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत, दर खेपेला तोच जिवाणू सापडत असेल, तर तो प्रोस्टेटमध्ये मुक्काम ठोकून आहे असा संशय घ्यायला हवा.

प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाच्या खाली मूत्रमार्गाला वेढून असलेली, साधारण २० ग्रॅम वजनाची ग्रंथी. तिच्या बारीक नलिका मूत्रमार्गात उघडतात. लघवी उलटी या नलिकांत शिरली की तिच्यासोबत जिवाणूही आत जातात. बहुतेक वेळा तो आपल्याच आतड्यातला ई. कोलाय असतो, कधी क्लेब्सिएला, प्रोटियस किंवा एंटेरोकॉकस.

आत गेल्यावर ते सुटे राहत नाहीत. नलिकांच्या भिंतींना आणि ग्रंथीतल्या सूक्ष्म खड्यांना चिकटून स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. याला बायोफिल्म म्हणतात. पावसाळ्यात विहिरीच्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं, वरून कितीही पाणी ओता, ते सुटत नाही, तसंच हे. थराच्या तळाशी असलेले जिवाणू जवळजवळ सुस्त पडून असतात आणि वाढणाऱ्या जिवाणूंना मारणारी औषधं त्यांच्यावर फारशी चालत नाहीत.

त्यात औषधाला ग्रंथीत शिरणंच कठीण. नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत भरपूर उतरतं, पण प्रोस्टेटमध्ये पुरेसं पोचत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन पोचतात आणि ती चार ते सहा आठवडे घ्यावी लागतात. मात्र भारतातल्या ई. कोलायमध्ये या औषधांना दाद न देणारे प्रकार आता खूप आढळतात. म्हणून कल्चरचा अहवाल हातात नसताना मनाने गोळ्या घेणं मला फार धोक्याचं वाटतं. पुढच्या खेपेला लागणारं औषध आपणच निकामी करून ठेवतो.

आणि हेही खरं, की प्रोस्टेटच्या जुनाट दुखण्याच्या दर दहांतल्या सुमारे नऊ रुग्णांमध्ये जिवाणू सापडतच नाहीत. तिथे ओटीपोटाच्या तळाचे आखडलेले स्नायू, संवेदनशील झालेल्या नसा, मानसिक ताण यांचा वाटा मोठा असतो. अशांना अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स देऊन फायदा होत नाही. फिजिओथेरपीने अनेकांना आराम पडतो.

दोन्हींतला फरक ओळखायची रीत मिअर्स आणि स्टेमी या अमेरिकी युरॉलॉजिस्टांनी (मूत्ररोगतज्ज्ञांनी) १९६८ मध्ये मांडली. लघवीचा पहिला भाग, मधला भाग, मग गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट दाबून आलेला स्राव आणि त्यानंतरची लघवी, असे चार नमुने. शेवटच्या दोन्हींत जिवाणू कितीतरी पटींनी जास्त निघाले, तर ठिकाणा पक्का. आज बरेच युरॉलॉजिस्ट दाबण्याआधीची आणि नंतरची लघवी अशा दोनच नमुन्यांवर भागवतात. गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळाच्या ओपीडीत असो की म्हापशाच्या खाजगी दवाखान्यात, ही तपासणी करता येईल का, असं संकोच न करता विचारा. थंडी वाजून ताप आला असेल किंवा लघवी तुंबली असेल, तर मात्र ग्रंथी दाबायची नसते, जिवाणू रक्तात पसरू शकतात. तेव्हा त्याच रात्री इस्पितळात जायचं.