इन्सुलिन पंपातील सुरक्षा यंत्रणा

अंगावर वागवायचा इन्सुलिन पंप त्वचेखाली बसवलेल्या कॅन्युलातून (बारीक नळीतून) दिवसरात्र थोडे थोडे इन्सुलिन सोडत राहतो. हा झाला बेसल. जेवणाआधी किंवा साखर वाढल्यावर घ्यायचा जादा डोस म्हणजे बोलस. नेहमीच्या इन्सुलिनच्या १ मिलिलिटरमध्ये १०० युनिट असतात, म्हणजे ०.०५ युनिट भरते जेमतेम अर्धा मायक्रोलिटर. इन्सुलिन जास्त गेले तर साखर घसरून शुद्ध हरपू शकते, कमी गेले तर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्ले) साठतात.

जास्त डोसापासूनचा बंदोबस्त तुलनेने पक्का आहे. एका वेळच्या बोलसला आणि ताशी बेसलला कमाल मर्यादा घालता येते, बटणे लॉक करता येतात. आधीच्या बोलसपैकी किती इन्सुलिन अजून काम करते आहे याचा हिशेब पंप ठेवतो आणि साखर उतरवण्यासाठी सुचवलेल्या डोसातून ते वजा करतो. ठरावीक तास एकही बटण दाबले गेले नाही तर पुरवठा थांबवून अलार्म देण्याची सोयही काही पंपांत असते.

कमी डोस ओळखणे अवघड. पंपात फक्त जलद इन्सुलिन असते, दीर्घकाळ पुरणारा साठा शरीरात नसतो. पुरवठा तुटला की काही तासांतच कीटोअ‍ॅसिडोसिस (कीटोन साठून रक्त आम्लधर्मी होणे) सुरू होऊ शकतो. नळी तुंबल्याचा अलार्म आहे, पण तो दाब वाढल्यावर वाजतो. समजा, तेवढा दाब यायला २ युनिट साचावे लागतात आणि बेसल ताशी ०.५ युनिट आहे, तर अलार्मला ४ तास लागतील. कॅन्युला त्वचेतून निसटून इन्सुलिन कपड्यांत झिरपत असेल, तर दाब वाढतच नाही आणि पंपाच्या लेखी सारे सुरळीत असते. म्हणून साखर विनाकारण चढली आणि कीटोन सापडले, तर पंपावर विसंबून न राहता पेनने किंवा सिरिंजने इन्सुलिन घेऊन नळी-कॅन्युलाचा सेट बदलायला सांगतात.

साखर सतत मोजणारा ग्लुकोज सेन्सर जोडल्यावर पंपाला परिणामही दिसू लागला. साखर ठरवलेल्या पातळीखाली गेल्यावर बेसल आपोआप थांबवणारा पंप अमेरिकेत २०१३ मध्ये मंजूर झाला. पुढे साखर घसरण्याचा अंदाज घेऊन आधीच थांबणारे पंप आले. आधी टोचले गेलेले इन्सुलिन मात्र परत काढता येत नाही. हायपोत, म्हणजे रक्तातील साखर फार खाली गेल्यावर, साखर खावीच लागते. आणि रात्री-अपरात्री वाजणाऱ्या अलार्मना कंटाळून लोक ते बंद करून ठेवतात, ही या सगळ्या यंत्रणेची दुखरी नस.

वायरलेस जोडणीने नवा धोका आणला. २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधे व वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेने) मेडट्रॉनिक कंपनीच्या मिनिमेड ५०८ आणि पॅराडाइम मालिकेतील काही जुन्या पंपांबाबत इशारा दिला: जवळचा परका माणूस त्यांच्या सेटिंग बदलू शकत होता. गंमत अशी, की इन्सुलिन देणारी स्वतःची स्वयंचलित प्रणाली घरी जुळवणाऱ्यांना हेच पंप हवे असत, कारण बाहेरून आज्ञा स्वीकारण्याची ही वाट त्यांच्यात उघडी होती.