दुपारच्या डिस्कोपासून रात्री दीडपर्यंत

आमच्या कॉलेजची फेअरवेल पार्टी दुपारी दोनला होती. मार्च १९९८. नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका हॉटेलच्या तळघरातला हॉल, दाराच्या काचेवर आतून काळा कागद चिकटवलेला. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत फिरता गोळा, धूर सोडणारं मशीन, भाड्यानं आणलेला डीजे. कोल्ड्रिंक आणि पकोडे. सहाला ट्यूबलाइट लागल्या तेव्हा डोळे दिपले. आम्ही मुलींनी दुपट्टे डोक्यातोंडाला गुंडाळले, स्कूट्या काढल्या आणि दिवेलागणीच्या आत आपापल्या घरी पोचलो. रात्र आमची नव्हतीच, म्हणून आम्ही ती दुपारी उभी केली होती.

हल्ली शुक्रवारी रात्री अकराला धरमपेठेत किंवा वर्धा रोडवर गाडी लावायला जागा मिळत नाही. माझी भाची लाउंजमध्ये जाते, दीडला निघते, घरच्यांना ठाऊक असतं. एवढा बदल एका पिढीत झाला. पण नागपुरात रात्री कोणी नाचायचं, कोणत्या दारातून आत जायचं, हा प्रश्न आमच्याहून पुष्कळ जुना आहे.

१८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. साहेबलोक सिव्हिल लाइन्सच्या झाडीत राहिले. पलीकडे कामठीची छावणी तर १८२१ पासूनच होती. या वर्गाची संध्याकाळ क्लबात जायची, आणि क्लब म्हणजे सभासदांपुरता. सीपी क्लब आणि गोंडवाना क्लब आजही सिव्हिल लाइन्समध्येच आहेत. राज्य बदललं, साहेबांच्या खुर्च्यांवर आपली माणसं बसली, तरी सभासदत्वाची अट राहिली. नागपुरात अजूनही एखाद्याची ऐपत सांगताना ‘त्यांचं क्लबचं मेंबरशिप आहे’ असं म्हणतात.

उरलेल्या शहराची रात्र वेगळीच होती, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. १८७७ मध्ये जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणी पाळ्यांवर चालते आणि रातपाळी आली की तिच्यामागून चहाचे ठेले, पानठेले, रात्री जेवू घालणारी घरं येतात. हलबा कोष्टी विणकरांच्या घरातला झणझणीत रस्सा पुढे सावजी भोजनालयांत आला, तो याच कामकरी वस्त्यांमधून. करमणुकीला खडी गंमत हे विदर्भातलं लोकनाट्य होतं. डफाच्या तालावर, नाच्या पोरासकट, रात्र रात्र चालायचं. त्याला ना तिकीट, ना दार, ना पोशाखाचा नियम. सीताबर्डीवर टॉकीज आल्या. व्हरायटी चौक हे नावच व्हरायटी टॉकीजवरून पडलं. शेवटचा खेळ सुटला की बर्डीवर माणसांचा लोंढा यायचा आणि तासाभरात पांगायचा. उन्हाचाही यात मोठा वाटा आहे. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले. जिथं मे महिन्यात दिवसा बाहेर पडवत नाही, तिथं लोक रात्रीच जगतात. फुटाळा तलावावर रात्री बारा वाजता लेकरांसकट बसलेली कुटुंबं बघितली की हे पटतं.

१९५६ मध्ये राजधानी गेली आणि विदर्भ मुंबई राज्यात आला. त्याबरोबर कायदाही आला. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १९५९ च्या दुरुस्तीनं विदर्भालाही लागू झाला. पुढे बंदी सैल होत गेली, पण परवान्याची चौकट राहिली आणि तिनंच महाराष्ट्राला एक अस्सल शब्द दिला: परमिट रूम. पिण्याचा परवाना असलेल्यानंच जिथं बसायचं ती खोली. काळ्या काचा, मंद लाल दिवा, फोडणीचे शेंगदाणे, आणि वर जिन्यानं गेलं की पडदा लावलेली ‘फॅमिली रूम’. आत सगळे पुरुष. नाच नाही, मोठं गाणं नाही. आमच्या आईच्या लेखी बारसमोरचा फूटपाथसुद्धा बाईमाणसानं टाळायचा होता. ती कधी आत गेली नाही, आणि पलीकडच्या बाजूनंच चालत राहिली.

शेजारचा वर्धा जिल्हा गांधीजींच्या सेवाग्राममुळे दारूबंदीचा, गडचिरोली १९९३ पासून, आणि चंद्रपूरही २०१५ ते २०२१ या काळात बंद. तिकडची बरीच मंडळी सुट्टीच्या दिवशी नागपूरची वाट धरत आली आहेत. शिवाय १९६० पासून हिवाळी अधिवेशन. डिसेंबरात आमदार, अधिकारी, कार्यकर्ते, पत्रकार यांनी खोल्या भरतात आणि शहरातल्या बारवाल्यांचा हंगाम लागतो.

नव्वदच्या दशकात घरोघरी केबल आली, पडद्यावर नाच दिसू लागला, आणि मोठ्या हॉटेलांनी तळघरात नाहीतर गच्चीवर डिस्को काढले. इथं पुन्हा दार आडवं आलं. ‘कपल एन्ट्री’. एकट्या मुलाला आत सोडायचं नाही, कारण तो दंगा करतो, ही हॉटेलवाल्यांची समजूत. मग दारावरच जोड्या जमायच्या. वर्गातल्या मुलाला ‘आत नेऊन सोड, मग तू तुझा’ असं सांगून आम्ही दोनदा गेलो होतो. पंधरा-वीस जणांत ओळखीच्या दोनच मुली, आणि बाउन्सर आमच्याकडे बघत उभा. नाच राहिला बाजूला, घड्याळाकडेच लक्ष.

२००५ मध्ये राज्यानं डान्सबारवर बंदी घातली. रोख मुंबई-रायगडकडच्या बारांवर होता, पण त्या कायद्यातली एक सवलत नागपूरकरानं नीट वाचावी अशी आहे. तीन किंवा त्याहून जास्त तारांची हॉटेलं आणि फक्त सभासदांना प्रवेश असलेले क्लब यांना बंदीतून वगळलं होतं. म्हणजे सिव्हिल लाइन्सचा जुना दरवाजा थेट कायद्यात येऊन बसला: वर नाचलं तर करमणूक, खाली नाचलं तर अश्लील. मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये तो निकाल कायम ठेवला. भेदभाव हाच आक्षेपाचा गाभा होता. २०१४ मध्ये सरकारनं सवलत काढून सगळ्यांनाच बंदी लावली, तिलाही पुढच्या वर्षी स्थगिती मिळाली. २०१६ मध्ये नवा कायदा आला आणि त्यातल्याही बऱ्याच अटी २०१९ मध्ये न्यायालयानं मोडीत काढल्या. इतक्या हेलपाट्यांत बारमध्ये नाचून पोट भरणाऱ्या बायकांचं काय झालं, हे नागपुरात कोणी विचारलेलं मला आठवत नाही. मला त्याची आजही खंत वाटते.

दरम्यान शहराची माणसं बदलत होती. एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद पडली आणि तिच्या जागेवर मॉल उभा राहिला. विमानतळालगतच्या मिहान या उद्योगक्षेत्रात आयटी कंपन्या आल्या. २०१५ मध्ये आयआयएम, २०१८ मध्ये एम्स. बाहेरगावची, स्वतः कमावणारी, भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी मुलं-मुली आली. दिवेलागणीला घरी या असं म्हणणारं त्यांच्या घरात कोणी नव्हतं. याच गर्दीवर लाउंज उभे राहिले. ‘डिस्को’ शब्द गेला. काळ्या काचा जाऊन बाहेरून आत दिसणाऱ्या काचा आल्या, आणि माझ्या मते खरा बदल हाच. परमिट रूम लपवायची असते, लाउंज दाखवायचा असतो.

मग एकामागून एक फटके बसले. १ एप्रिल २०१७ पासून महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. नागपूर म्हणजे देशाच्या हमरस्त्यांची चौफुली, वर्धा रोड तर हॉटेलांचाच रस्ता. जुलैत शहरांच्या हद्दीला सवलत मिळेपर्यंत तिथले बार ओस होते. त्या डिसेंबरात मुंबईच्या कमला मिलमधल्या आगीत १४ जीव गेले आणि राज्यभर गच्चीवरच्या जागांची तपासणी सुरू झाली. २०१८ मध्ये हुक्का पार्लर बंद. २०२० मध्ये करोना, वर्षअखेरीस पालिका क्षेत्रांत अकरापासून संचारबंदी. अनेक जागांचे शटर पुन्हा उघडलेच नाहीत.

आज कायद्यानं पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत परमिट रूम दीडपर्यंत, नाताळ आणि ३१ डिसेंबरला पहाटे पाचपर्यंत चालते. बिअरला वय २१, कडक दारूला २५. उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहाला बंद. सीताबर्डीहून वर्धा रोडवरच्या खांबांवरून धावणारी मेट्रोही साधारण दहालाच थांबते. म्हणजे गर्दी जमायला लागते तेव्हा शेवटची गाडी गेलेली असते. परतायचं ते आपल्या गाडीनं, प्यायलेल्या हातांनी, नाहीतर कॅबनं. फेब्रुवारी २०२४ मध्ये रामझुला पुलावर मध्यरात्रीनंतर भरधाव मोटारीनं दुचाकीवरचे दोन तरुण चिरडले, तेव्हा शहर हादरलं होतं. त्याआधी, डिसेंबर २०१९ मध्ये, रात्री ९ ते पहाटे ५ या वेळात अडकलेल्या बाईला पोलीस मोफत घरी सोडतील, अशी सोय नागपूर पोलिसांनी जाहीर केली होती. मला तेव्हा खरंच बरं वाटलं होतं. रात्री बाहेर असलेली बाई काही चुकली आहे, असं त्यात गृहीत धरलेलं नव्हतं.

गेल्या महिन्यात भाचीला आणायला मी दीडला बजाजनगरला गेले. लाउंजचे दिवे लागलेले, पोरं-पोरी पानठेल्यापाशी उभी. तिघी मैत्रिणी एका कॅबमध्ये बसत होत्या. ठेलेवाल्या काकांनी पान बांधता बांधता गाडीचा नंबर मोठ्यानं वाचला, एकीनं तो मोबाइलवर घरी पाठवला, आणि मगच गाडी हलली.