दरीत धुकं, शिखरावर ऊन: आल्प्समधल्या एका अंदाजामागचा इतिहास

हिवाळ्यात आल्प्सवर जास्त दाबाचं क्षेत्र ठाण मांडून बसलं की हवामानाचा अंदाज दिवसेंदिवस जवळजवळ तोच राहतो. दऱ्यांत धुकं आणि गारठा, वर लख्ख ऊन. स्वित्झर्लंडमध्ये तर धुक्याचा माथा किती मीटरवर असेल, तेही सांगतात. कित्येकदा शिखरावर पायथ्यापेक्षा जास्त ऊब असते. उंचावर थंडी वाढते, असंच शिकलेल्या आपल्याला हे उलटं वाटतं.

शाळेच्या भूगोलातला ‘प्रत्यावर्त’, म्हणजे हेच जास्त दाबाचं क्षेत्र, आठवत असेल. ही संकल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८६३ मध्ये मांडली. दाब जास्त म्हणजे हवा जड, आणि जड म्हणजे वरपर्यंत थंडच, असा त्या काळचा सरळ हिशेब होता. पायथ्याच्या तापमापकांना तो खोडून काढता येणार नव्हता. त्यासाठी ऐन हिवाळ्यात कुणीतरी शिखरावर राहायला हवं होतं.

ऑस्ट्रियातल्या राउरिस खोऱ्यात सोन्याची खाण चालवणाऱ्या इग्नाझ रोयाखर यांनी ते घडवून आणलं. ३,१०६ मीटर उंचीच्या सोनब्लिक शिखरावर त्यांनी बांधलेली वेधशाळा सप्टेंबर १८८६ मध्ये सुरू झाली. खोऱ्याशी टेलिफोनची तारही जोडलेली होती. या इतिहासात शास्त्रज्ञांइतकाच मान या खाणवाल्याला द्यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

नोव्हेंबर १८८९ मध्ये मध्य युरोपावर जास्त दाब स्थिरावला. व्हिएन्नाचे हवामानशास्त्रज्ञ यूलियस हान यांनी सोनब्लिक आणि इतर उंच ठाण्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या. १८९० मध्ये त्यांनी दाखवून दिलं की थंडी फक्त जमिनीलगत असते, वरची हवा उबदार आणि कोरडी असते. कारण ती हवा खाली उतरते, दाबली जाते आणि दर हजार मीटरला सुमारे १० अंशांनी तापते. इकडे रात्रभर उष्णता गमावणाऱ्या जमिनीलगतची हवा थंडावते, उतारांवरून ओघळत दरीत साचते. वरची ऊब तिच्यावर झाकण होऊन बसते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात आणि गावात मात्र तेवढा कडाका नसतो, त्यामागेही थंड हवेचं हेच ओघळणं आहे.

झाकणाखाली धूरही अडकतो. डिसेंबर १९३० मध्ये बेल्जियममधल्या म्यूज नदीच्या खोऱ्यात कारखान्यांचा धूर असाच दिवसेंदिवस कोंडून राहिला आणि साठ माणसं दगावली. खोऱ्याच्या वर, त्या झाकणापलीकडे, हवा स्वच्छ होती.