वजन जास्त म्हणून फॅट टायरच?

काटा शंभरच्या पुढे गेलेला माणूस सायकल घ्यायला निघाला की सल्ला ठरलेला: "तुम्हाला जाडजूड, रुंद फॅट टायर आणि पुढे-मागे शॉकअपवालीच लागेल, साधी मोडेल." हा गैरसमज आहे, आणि महागात पडणारा.

दूधवाल्याची काळी सायकल आठवा. ना शॉकअप, ना गिअर. तरी दोन्ही बाजूंना भरलेले कॅन लटकवून ती वर्षानुवर्षं चालते. त्या जुन्या धाटणीच्या सायकलींना पुढच्या चाकात 32 आणि मागच्या चाकात 40 तारा असत. कारण सरळ आहे: बसणाऱ्याचा जास्त भार मागच्या चाकावर येतो. स्टीलची फ्रेम सहसा तुटत नाही. आधी मागच्या तारा तुटतात, चाकाला आउट येतो म्हणजे ते वाकडं फिरतं, नाहीतर स्वस्त हबचा (चाकाच्या मधल्या तुंब्याचा) ॲक्सल, म्हणजे आस, वाकतो.

म्हणून पैसे चाकात घाला. मागे 36 तारा, डबल वॉल (दुहेरी भिंतीची) रिम, 40 ते 50 मिमी रुंद टायर, पुढे साधा, बिनशॉकअपचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा). स्वस्त शॉकअप वजनदार माणसाखाली दबून बसतात, पायडलची ताकद खातात. फॅट टायर तर वाळूसाठी. डांबरावर ते ओढत नेण्यातच दम जातो. (व्यायामच करायचाय ना, असं दुकानदार म्हणेलही!)

माहितीपुस्तिकेतली वजनमर्यादा मात्र वाचाच; तीत बहुधा सामानही धरलेलं असतं. पहिल्या महिन्याभरात तारा आवळून घ्या, आणि हवा टायरवर छापलेल्या आकड्यांच्या वरच्या टोकाजवळ ठेवा.