परसातली सावली : मे अखेरीपासून मृगापर्यंत

मे महिन्यात आमच्या रोपवाटिकेत एक प्रश्न हमखास येतो. "मागच्या बाजूला आंब्याची सावली फार आहे, लॉन टिकतच नाही. काय करावं?" काही जण तर फांद्या उतरवायचं ठरवूनच आलेले असतात. त्यांना आमची एकच विनंती असते : चार दिवस दुपारी चारच्या सुमाराला तिथे खुर्ची टाकून, पन्ह्याचा पेला घेऊन बसा आणि मग ठरवा. पुण्यात पारा चाळिशीला टेकलेला असताना दाट झाडाखालची जागा ही परसातली सगळ्यात मोलाची जागा असते.

पत्र्याच्या शेडने हे काम होत नाही. पत्रा ऊन अडवतो, पण स्वतः तापून ती धग खाली सोडतो. झाडाचं तसं नाही. मुळांनी ओढलेलं पाणी पानांवाटे वाफ होऊन जातं आणि त्या वाफेबरोबर उष्णताही जाते. म्हणून झाड काढून शेड घालायचं काम आम्ही घेत नाही. शिवाय शहरी भागात झाड तोडायला 1975 च्या राज्य कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. वाळलेली, लोंबकळणारी फांदी मात्र वादळी पावसाआधी रीतसर विचारून उतरवून घ्या.

बसायला जागा करताना

लॉनचा नाद सोडा. त्या गवताला ऊनच लागतं; सावलीत ते विरळ होत जातं आणि तुमचे पैसेही जातात. त्यापेक्षा वाळूवर शहाबादी फरशा मांडा. खाली सिमेंट ओतू नका, म्हणजे पाणी मुळांपर्यंत जाईल. बुंध्याभोवती तीनेक फूट जागा मोकळी राहू द्या. पार बांधायची हौस आम्हाला कळते, पण विटांचं कडं करून आत माती भरली की बुंध्याची साल कुजते आणि खालची मुळं गुदमरतात. चांगली वाढलेली झाडं अशी खंगताना आम्ही पाहिली आहेत. त्यापेक्षा एक बाज टाका.

पडलेली पानं जाळू नका. तीन-चार इंचांचा थर तसाच राहू द्या. त्याखाली ओल टिकते. सातभाई येऊन तो पाचोळा उलटापालटा करत किडे वेचतात. सकाळी लवकर उठलात तर दयाळही ऐकू येईल. पक्ष्यांसाठी पसरट भांड्यात पाणी ठेवा, पण एक दिवसाआड घासून बदला. कुंड्यांखालच्या ताटल्याही आठवड्यातून एकदा नक्की ओता. डेंग्यूचे डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतात आणि ते चावतात दिवसा, म्हणजे नेमके तुम्ही बसलेले असताना.

झाडाला पाणी देताना ते बुंध्यात ओतू नका. पाणी शोषणारी बारीक मुळं लांब पसरलेली असतात, म्हणून फांद्यांच्या टोकांखाली द्या. सकाळी लवकर किंवा दिवेलागणीनंतर.

काय लावावं

मोगरा नको. मेमध्ये त्याच्या वासाने सगळेच मोहतात, पण त्याला भरपूर ऊन हवं. गुलाब आणि तुळशीचंही तेच. सावलीसाठी आम्ही हे विकत नाही.

दोन-तीन तास कोवळं ऊन मिळत असेल तर अळू, हळद, आलं, पानओवा आणि झाडावर चढवायला नागवेल. ओलसर कोपऱ्यात सोनटक्का लावा. पावसाळा सरता सरता तो फुलतो आणि संध्याकाळी त्याचा वास घरात येतो. आमचा सगळ्यात आवडता मात्र भुईचाफा. हिवाळ्यात तो जमिनीवरून पार नाहीसा होतो. गेला म्हणून लोक ती जागा खणून टाकतात. उन्हाळ्यात पानांच्या आधी थेट मातीतून जांभळट-पांढरी फुलं वर येतात. तिथे एक खूण रोवून ठेवा.

हळदीचे आणि आल्याचे कंद आता लावले तरी चालतात. बाकी रोपांची घाई वळवाच्या एका सरीवर करू नका. त्यानंतर पुन्हा ऊन तापतं आणि कोवळी रोपं माना टाकतात. खड्डे तेवढे आत्ताच घ्या. सावलीतली माती तापत नाही, म्हणून ती बाहेर काढून आठवडाभर उन्हात पसरा. शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला. अर्धवट कुजलेल्यात हुमणी, म्हणजे मुळं कुरतडणारी अळी, पोसते. परसात कडुनिंब असेल तर पहिल्या पावसानंतर संध्याकाळी तिचे भुंगेरे पाला खायला त्यावर जमतात. फांदी हलवून ते साबणाच्या पाण्यात पाडा.

मृगाचा पाऊस रुळला की रोपं न्यायला या. येताना सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता ऊन कुठे पडतं ते कागदावर काढून आणा. मेच्या मध्याला पुण्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, डिसेंबरात तो दक्षिणेकडे कलतो. घराच्या उत्तरेला परस असेल तर आज ऊन दिसणारी जागा थंडीत दिवसभर सावलीत जाते. म्हणून त्या कागदावर घराची उत्तर कुठे आहे तेही लिहा.