४० मिलिमीटरच्या नियमामागचा वाद

मॅरेथॉनच्या सरावासाठी बूट घ्यायला गेलेला रनर आज आधी सोलची जाडी विचारतो, मग आत कार्बन प्लेट, म्हणजे कार्बन तंतूंची कडक पट्टी, आहे का ते. पूर्वी प्रश्न वेगळे असायचे. तळपाय सपाट आहे का, पाऊल आत झुकतं का, हे पाहून बूट हातात दिला जायचा. हा बदल गेल्या काही वर्षांतला आहे, आणि शर्यतीतल्या बुटाचा सोल ४० मिलिमीटरपेक्षा जाड नको हा नियमही त्यातूनच आला.

त्याआधीचं थोडक्यात. १९६० साली रोमला इथिओपियाचा धावपटू अनवाणी मॅरेथॉन जिंकला. १९६४ साली टोकियोत त्यानेच बूट घालून सुवर्णपदक राखलं. सत्तरच्या दशकात अमेरिकेत साधी माणसंही रस्त्यावर धावू लागली, बुटात ईव्हीए नावाचा हलका प्लास्टिक फोम आला आणि पुढे कित्येक वर्षं बहुतेक बूट त्याच फोमवर निघाले. बायकांना तर अंगावरच्या कपड्यासाठीही थांबावं लागलं. पहिली स्पोर्ट्स ब्रा १९७७ साली व्हरमाँटमध्ये पुरुषांचे दोन सपोर्टर एकत्र शिवून तयार झाली, आणि महिलांची ऑलिंपिक मॅरेथॉन १९८४ साली सुरू झाली. २०१०च्या आसपास अनवाणी किंवा अगदी पातळ सोलवर धावण्याची लाट येऊन गेली. पातळ सोलने पोटऱ्या धरल्यावर बरेच जण मुकाट जाड सोलकडे परतले.

खरी उलथापालथ २०१७ची. त्या मे महिन्यात इटलीत मोंझाच्या मोटार शर्यतीच्या ट्रॅकवर मॅरेथॉनचं अंतर २ तास २५ सेकंदांत कापलं गेलं. पायात होता हलक्या, उसळत्या फोमचा जाड बूट, आत वाकवलेली कार्बन प्लेट. ठरावीक वेगाला लागणारी ऊर्जा त्याने सरासरी ४ टक्क्यांनी वाचते, असं प्रयोगशाळेतल्या चाचणीत दिसलं. सगळं श्रेय प्लेटला मिळालं. पुढे प्लेट कापून चाचणी झाली तेव्हा मात्र फारसा फरक पडला नाही. मुख्य काम फोमचं होतं. दुकानात ‘कार्बन’ या एका शब्दावर हजारो रुपये जास्त मोजणाऱ्याने एवढं तरी माहीत करून घ्यावं.

१२ ऑक्टोबर २०१९ला व्हिएन्नात मॅरेथॉनची २ तासांची भिंत पडली. पण ती खास आखलेली धाव होती, त्यामुळे विक्रमात धरली नाही. दुसऱ्याच दिवशी शिकागोत महिलांचा विश्वविक्रम २:१४:०४ वर आला. अशा बुटांना कुठवर मोकळीक द्यायची, हे आता ठरवणं भाग होतं. ३१ जानेवारी २०२०ला वर्ल्ड ॲथलेटिक्स या धावण्याच्या खेळाच्या जागतिक संघटनेने नियम काढला: रस्त्यावरच्या शर्यतीत सोल ४० मिलिमीटरपेक्षा जाड नको, प्लेट एकापेक्षा जास्त नको, आणि ३० एप्रिलनंतर बूट शर्यतीआधी चार महिने बाजारात मिळत असला पाहिजे. जाडी मोजायच्या जागाही ठरल्या. टाचेकडून बुटाच्या आतल्या लांबीच्या १२ टक्क्यांवर टाच, ७५ टक्क्यांवर पुढचा भाग.

आकडा ४०च का? २०१७च्या ज्या बुटावरून गदारोळ झाला, तो या मर्यादेत सुखाने बसला. आठवडाभरात त्याच कंपनीने नवा बूट दाखवला, टाचेशी ३९.५ मिलिमीटर. संघटनेचं म्हणणं, बाजारात आलेले बूट मागे घ्यायला लावणं व्यवहार्य नव्हतं. ते समजण्यासारखं आहे. तरीही विक्रम मोडून झाल्यावर रेघ ओढली गेली, आणि तीही सर्वांत पुढे गेलेल्याच्या पायाला लागून. जुन्या बुटांवर धावलेल्यांना न्याय मिळाला नाही, असंच म्हणावं लागतं.

नियमाचा बडगा पुढे बसला तो सरावाच्या बुटामुळे. सप्टेंबर २०२१मध्ये व्हिएन्ना मॅरेथॉनचा विजेता थोड्याच वेळात बाद झाला. कागदावर त्याने मान्य बूट लिहिला होता, पायात निघाला ५० मिलिमीटर सोलचा, सरावात वापरलेला. असे बूट विकायला बंदी नाही. ते लाँग रनला, म्हणजे सरावातल्या लांब धावेला, चालतात, अधिकृत निकालात चालत नाहीत. म्हणून ट्रेनिंगचा आणि रेसचा बूट वेगळा घेण्याची पद्धत आता आपल्याकडेही रुळली आहे.

आपल्याकडे २००४ला मुंबई मॅरेथॉन सुरू झाली तेव्हा सुती टी-शर्ट सर्रास दिसायचे. घामाने ते जड व्हायचे, काखेत काचायचे. पॉलिस्टरने तो त्रास कमी केला. बुटाचा प्रश्न मात्र रस्त्यागणिक बदलतो. मरीन ड्राइव्हच्या सपाटीवर साथ देणारा उंच, मऊ सोल साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात ओल्या उतारावर वळणाला डुगडुगतो. तिथे बुटाची पकड आणि रुंद बैठक आधी बघावी, वजन नंतर.

२०२३ला बर्लिनमध्ये महिलांचा विक्रम २:११:५३ झाला, तो १३८ ग्रॅमच्या, ५०० डॉलरच्या बुटावर. एक शर्यत आणि त्याआधी पायाला सवय होण्यापुरती धाव, एवढंच त्याचं आयुष्य कंपनीने धरलं होतं. ट्रॅकवरच्या शर्यतीत सोलच्या जाडीची मर्यादा नोव्हेंबर २०२४पासून २० मिलिमीटरवर आली. रस्त्यावर ४०च आहे.